नेपाळला निघालेला माझा सूट

२५ एप्रिल २०१५, शनिवार. दुपारी बाराच्या सुमारास नेपाळला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मी पुण्यात, सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने, पाण्याच्या टाकीतली पाल काढवत होतो. रात्री टीव्हीवर काठमांडूचा कोसळलेला धरहरा मनोरा पाहिला आणि माझ्यातला समाजसेवक जागा झाला. तो क्वचितच जागा होतो, पण झाला की दुसऱ्या कुणाला झोपू देत नाही.

रविवारी सकाळी नोटीसबोर्डावर कागद लागला: 'नेपाळच्या बांधवांसाठी जुने कपडे सेक्रेटरींकडे द्यावेत.' 'वापरण्याजोगे' हा एक शब्द घालायचा राहिला.

तीन दिवसांत पार्किंगमध्ये ३४ गाठोडी जमली. लोक इतके उदार आहेत हे मला मेंटेनन्स वसूल करताना कधी जाणवलं नव्हतं. सफारी सूट नऊ निघाले. रिंगा नसलेले पडदे, एकाच पायाची चप्पल, पोहण्याचा पोशाख, 'वर्षा सहल २००३' असं छापलेला टी-शर्ट आणि २०११ साली मुदत संपलेलं खोकल्याचं औषध. आमच्या घरातून माझा लग्नातला सूट गेला. 'तिकडे थंडी असते,' सौ. म्हणाल्या. मे महिना तोंडावर होता, पण पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेल्या सूटला ही संधी पुन्हा येणार नव्हती.

आता ही गाठोडी पाठवायची कशी? विमानाचं म्हणाल तर काठमांडूला धावपट्टी एकच. मदतीची विमानं वर घिरट्या घालत होती, काही तशीच परत फिरली, पुढे तर धावपट्टीला तडे जायला लागले म्हणून अवजड विमानांना बंदीच झाली. त्या रांगेत मी माझा सूट घुसवू पाहत होतो. मग ट्रान्सपोर्टवाल्याला गाठलं. त्याने रक्सौलपर्यंतचं भाडं सांगितलं, गाठोड्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, 'साहेब, एवढ्यात तिकडे नवीन कपडे येतील.' त्याला माणुसकीच नाही, असं मी घरी येऊन सांगितलं.

या गाठोड्यांवर रात्री पहारा कोण देत होतं? आमचा वॉचमन. गाव गोरखा जिल्ह्यात. म्हणजे भूकंपाचं केंद्र ज्या बारपाकला होतं, त्याच जिल्ह्यात. घर पडलं होतं. माणसं शेतात होती म्हणून वाचली. ही गाठोडी तिसऱ्या मजल्यावरून, चौथ्या मजल्यावरून पाठीवर वाहून आणलीही त्यानेच. मी खाली उभा राहून मोजत होतो.

'साब,' चौथ्या दिवशी तो म्हणाला, 'कपडा नको. ताडपत्री पाहिजे. जूनमध्ये पाऊस लागतो.' आणि पगारातून पंधरा हजार ॲडव्हान्स, शिवाय दोन महिने सुट्टी.

मी अत्यंत सहानुभूतीने तो अर्ज पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतला. विषय क्रमांक ५, पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांनंतर. तोवर गेटवर कोण बसणार आणि नेपाळची मदत कोण सांभाळणार, असाही प्रश्न होताच.

मीटिंग झाली नाही. त्याआधीच तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्यांनी गाठोड्यात एक रुमालही टाकला नव्हता आणि ज्यांना मी त्याबद्दल जिन्यात टोमणा मारला होता, त्याला खाली बोलावून हातात पाकीट दिलं. त्याने बोहरी आळीतून चार ताडपत्र्या आणि नायलॉनची दोरी घेतली, गोरखपूरची गाडी पकडली आणि सुनौलीवरून पायी सीमा ओलांडली. ना कंटेनर, ना कस्टम. नेपाळ सरकारने तंबू आणि ताडपत्र्यांवरचा आयात करही एव्हाना उठवला होता. सफारी सूटबद्दल सरकारने काही म्हटल्याचं ऐकलं नाही.

१२ मेला पुन्हा ७.३ चा धक्का बसला. दोन दिवस फोन लागेना. तिसऱ्या दिवशी लागला. सगळे ताडपत्रीखाली, ठीक होते. एप्रिलपासून जवळजवळ नऊ हजार माणसं गेली होती. मला काय बोलावं सुचेना. शेवटी त्यानेच विचारलं, 'साब, गेटवर कोण आहे?'

गेटवर मीच होतो. बदली माणूस मिळाला नव्हता आणि गाठोडी तशीच होती. त्यांत आता मांजर व्यायलं होतं.

जूनच्या पहिल्या पावसात पार्किंगमध्ये वास सुटला, तेव्हा सौ.नी बोहारणीला बोलावलं. ती फतकल मारून बसली आणि एकेक कपडा उजेडात धरून, शिवण ओढून, पटापट बाजूला टाकू लागली. एवढी कडक तपासणी कुठल्या सीमेवर झाली नसती. तासाभराने घेण्याजोगा ढीग गुडघ्याएवढा झाला, नको असलेला तिच्या डोक्याच्या वर गेला. 'हे कुणाला देणार होते?' तिने विचारलं. मी मांजराची पिल्लं मोजू लागलो.

घासाघीस होऊन एका स्टीलच्या चाळणीवर सौदा ठरला. माझा सूट तिने दोनदा हातात घेतला, आतल्या अस्तरात बोट घालून पाहिलं आणि घडी न मोडता माझ्याकडे परत दिला.