बांधावरचे सर

जगातली प्रत्येक भानगड ही आपल्याच पीएचडीचं उदाहरण आहे, असं मानणाऱ्या प्राध्यापकांची एक जात असते. आमचे गणिताचे सर त्यातले. राहायला बारामतीत, कॉलेज इंदापूरला. एसटीत त्यांच्याशेजारी बसायला नेहमी जागा असते.

डिरॅकनं 1928 साली सापेक्षतेत बसणारं इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. सरांचं दुखणं त्यापुढचं: हा कण कुंपणात कोंडला, तर त्याच्या वाट्याला कोणकोणत्या ऊर्जा येतात? कंडक्टर म्हणतो, "सर, सुट्टे द्या."

नीरा नरसिंहपूरला दर्शन उरकून ते संगमावर जातात. भीमा आणि नीरा मिळतात तिथं इंदापूर तालुक्याला टोक येतं. "आपला कोपरा बाहेर आलेला, म्हणून डिरॅकचा ऑपरेटर गुमान वागतो. समोर सोलापूर जिल्ह्याचा कोपरा आत दबलेला. तिथं टोकापाशी वेगळी अट निवडावी लागते." सोलापूरवाल्यांचं कसं होणार, ही काळजी त्यांना मनापासून आहे.

त्यांच्या गावी दोन चुलतभावांचं बांधावरून वाजलं. मोजणी झाली, खुणा रोवल्या. डाव्या कालव्याची पाळी आली की पुन्हा कुऱ्हाडी. सर मधे पडले.

"माझं पाणी त्याच्या रानात जाता कामा नये, बास," थोरला म्हणाला.

सर हरखले. "तात्या, हीच ती कुंपणावरची अट! 1974 साली एमआयटीवाल्यांनी क्वार्क पिशवीत कोंडले ते असेच. पाण्यानं बांधाच्या कडेनं खुशाल वाहावं, ओलांडू नये. श्रोडिंगरवाले बांधावर सगळंच शून्य करतात. डिरॅकचं समीकरण पहिल्या कोटीचं, त्याला एवढी सक्ती सोसत नाही. ऑपरेटर सेल्फ-अ‍ॅडजॉइंट राहत नाही!"

"म्हंजे कोरलेला बांध आमचाच ना?" धाकटा.

"तो प्रश्न महसूल खात्याचा. 1987 साली बेरी आणि मोंद्रागॉन यांनी सपाट रानाला हीच अट लावली. बांधापलीकडं वस्तुमान अनंत मानायचं."

थोरल्यानं पलीकडं उभ्या धाकट्याच्या पोटाकडं पाहिलं. "ते मानायला आपली ना नाही."

त्यावर जे झालं, त्यात सरांचा चष्मा गेला. दावा कोर्टात आहे. सरांना साक्षीला बोलवायचं नाही, यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत आहे.