पेपर टाकण्याचे शुभमुहूर्त

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं, तेव्हापासून मराठी घराला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं सगळं मिळत आलं आहे. संकष्टीचा चंद्रोदय, एकादशी, लग्नाचे मुहूर्त आणि दुधाचा हिशेब लिहायला मोकळी चौकट. राजीनाम्याचा मुहूर्त तेवढा कुठल्याच पंचांगात सापडत नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न. नोकरी सोडू पाहणाऱ्याला यात ‘उमेदवार’ म्हटलं आहे. नोकरी मागतानाही तो उमेदवारच होता, त्यामुळे सवय असेल.

वर्ज्य महिने

एप्रिल वर्ज्य, कारण अप्रेझल चालू असतं. मेमध्ये वाढीचं पत्र मिळतं, पण फरकाची रक्कम पुढच्या पगारात येणार असते. जूनमध्ये शाळेची फी. श्रावणात काही करावं म्हटलं, तर तोवर दिवाळी दिसू लागते. बोनसचा कायदा सांगतो की हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यावा, म्हणजे मार्चअखेरच्या हिशेबाने नोव्हेंबरअखेर. बोनस खात्यात पडला आणि दुसऱ्याच दिवशी पेपर टाकले, हे बरं दिसत नाही. डिसेंबरात नव्या कंपन्यांचे एचआरवाले रजेवर जातात. जानेवारीत विम्याच्या आणि घरभाड्याच्या पावत्या जमा करायच्या. फेब्रुवारीत घरचे म्हणतात, ‘आता अप्रेझल आलंच की!’

उरतो अधिक मास. तो साधारण तीन वर्षांतून एकदा येतो आणि शुभकार्याला तोही वर्ज्य.

ग्रॅच्युइटीचा ग्रहयोग

कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. गणित सोपं आहे. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. हा पगार ४०,००० असेल, तर पाच वर्षांचे १,१५,३८४ रुपये होतात. चार वर्षं सहा महिन्यांनी साहेबांशी वाजलं, तर उमेदवाराने या आकड्याकडे पाहून दीर्घ श्वास घ्यावा. ऑफिसात एखादा जाणकार असतोच. तो चहाच्या टपरीवर मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला देऊन सांगतो, की पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं. एचआर मात्र हा निकाल ऐकलाच नसल्यासारखा चेहरा करतं.

पाच वर्षं झाली म्हणून घाई नको. सहा महिन्यांहून जास्त झालेलं अपुरं वर्ष पूर्ण धरलं जातं. म्हणजे साडेपाच वर्षांच्या वर एक दिवस काढला की सहा वर्षांचे पैसे, आणखी २३ हजार. तिथवर आल्यावर कुणीतरी भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनची आठवण करून देतं. त्याला दहा वर्षं लागतात.

थोरांचे दाखले

विजय मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले. ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी. उमेदवारानेही आपली सर्वोच्च खेळी झाल्यावर निघावं. ती झाली की व्हायची आहे, हे साहेब सांगतील.

चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं आणि त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. यावरून उमेदवाराने दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. कारण भारदस्त असावं आणि पुढची जागा तोलामोलाची. कँटीनचा चहा पहिल्या अटीत बसत नाही.

लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तेव्हा मतभेदांचा सगळा इतिहास राजीनामापत्रात सविस्तर मांडला. ती चैन आता उरली नाही. आता संगणकावर खिडकी उघडते आणि तिच्यात चार पर्याय दिसतात: वैयक्तिक कारण, उच्च शिक्षण, उत्तम संधी, इतर. ‘साहेब’ हा पर्याय नसतो. उमेदवार ‘वैयक्तिक कारण’वर बोट ठेवतो, म्हटलं तर साहेब हीसुद्धा वैयक्तिक बाब.

ज्यांना सोडायचंही नाही आणि धाकही ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी खिशातला राजीनामा. २०१४ नंतरच्या युती सरकारातल्या शिवसेनेच्या मंत्र्यांनी या प्रकाराला राज्यभर प्रसिद्धी मिळवून दिली. राजीनामे खिशात राहिले, सरकारने पाच वर्षं पूर्ण केली.

प्रत्यक्ष कृती

सर्व ग्रह अनुकूल झाल्यावर शुक्रवार निवडावा. मेल दुपारीच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवावा. ‘आदरणीय सर’ की नुसतं ‘सर’, यात अर्धा तास जातो. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे, हे नेमणूकपत्रात पुन्हा पाहावं. नव्या कंपनीला माणूस तीस दिवसांत हवा असतो. मधले साठ दिवस कुणी विकत घ्यायचे, हेही विचारून ठेवावं. पाच वाजता केबिनच्या दारावर टकटक करावी.

एका उमेदवाराने हे सगळं तंतोतंत केलं. साहेबांनी हसून बसायला सांगितलं, चहा मागवला, दार लावून घेतलं. ‘बरं झालं तूच आलास,’ ते म्हणाले, ‘मी सकाळीच पेपर टाकले. माझं सगळं काम तुझ्याकडे देतोय. वर बोललोय मी. एवढं वर्षभर सांभाळ, पुढचं ते बघतील.’

उमेदवार चहा संपवून जागेवर आला. सोमवारी निरोप समारंभाची वर्गणी गोळा करायचं कामही त्याच्याकडेच आलं. माणशी दोनशे. यादीत पहिलं नाव त्याने आपलं लिहिलं.