सॅम, मॅम आणि चार रुपये

आमचा वाशिम जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला आणि 2018 साली मागासलेपणातून. म्हणजे मागासलेपण गेलं असं नाही, नीती आयोगाने त्याचं बारसं नव्याने केलं. आता आम्ही ‘आकांक्षित’ आहोत. राज्यात हा मान चारच जिल्ह्यांना मिळाला: नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आम्ही. एवढा मान मिळाल्यावर अंगणवाडीतल्या लेकरांच्या आकांक्षेचा हिशेब एकदा पाहावा म्हटलं. हिशेब फारच सोपा निघाला. आठ रुपये.

एका लेकराला, एका दिवसाला, आठ रुपये. चार दिल्लीचे, चार मुंबईचे. दर 2017 साली ठरला आणि मग वर्षानुवर्षं मांडी घालून बसला. दर ठरला तेव्हा त्यात 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं बसवायची होती. परवा वाशिमच्या बसस्टँडवर दहा रुपयांचा चहा घेतला आणि घोट घशात अडकला. एका लेकराचं दिवसाचं खाणं मी उभ्या उभ्या प्यालो होतो, वर दोन रुपये जास्तीचे.

सरकार अंगणवाडीताईंना नाना प्रशिक्षणं देतं, पण बजेट करताना नीती कशी सांभाळावी, याचं देत नाही. म्हणून ते मीच भरवलं, मनातल्या मनात. बॅनर लावला, दीपप्रज्वलन केलं. निमंत्रण मंत्रालयापासून सगळ्यांना होतं, पण वरचे सगळे व्हीसीत असल्यामुळे आल्या फक्त सेविका आणि मदतनीस.

पहिला धडा चार रुपयांचा. तीव्र कुपोषित लेकरू असेल तर आठाऐवजी बारा रुपये. सरकारी बोलीत तीव्र म्हणजे ‘सॅम’ आणि मध्यम म्हणजे ‘मॅम’. (म्हणून भेटीला आलेल्या बाईसाहेबांना मॅम म्हणताना जरा जपून.) लेकराच्या दंडाला पट्टी गुंडाळायची. 11.5 सेंटिमीटरच्या खाली माप आलं की तांबडा रंग, म्हणजे सॅम, म्हणजे बारा रुपये. मग ताईने त्या लेकराच्या मागे लागायचं. घरी जाऊन आईला समजवायचं, आजीशी भांडायचं, दिवसातून चारदा भरवायला लावायचं. दोन महिन्यांनी दंड भरतो, पट्टी तांबड्यातून पिवळ्यात येते, ताईला भरून येतं आणि चार रुपये बंद होतात.

“म्हंजे लेकरू सुधरलं का पैसे कापाचे?” मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं.

“हो ताई. त्याला यश म्हणतात.”

त्या गप्प बसल्या. पण त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. पुढच्या वेळी पट्टी जरा आवळून धरावी का? फार नाही, दोनतीन मिलिमीटर. खोटी नोंद म्हणजे पाप, पण लेकराच्या तोंडचे चार रुपये काढून घेणं म्हणजे काय, ते कोणत्याच जीआरमध्ये लिहिलेलं नाही. राज्याच्या अर्थसंकल्पातला सगळ्यात अवघड नैतिक निर्णय असा एका बाईच्या अंगठ्याखाली दबलेला असतो.

दुसऱ्या धड्यात माझीच विकेट गेली. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना अंगणवाडीत गरम जेवण, तीनच्या आतल्यांना घरी न्यायचं पाकीट. सोयाबीन सोंगणीचे दिवस, आई वावरात. पाच वर्षांची पोरगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन येते. भावाचं नाव यादीत आहे, पण पाकिटाच्या रकान्यात. पाकीट घरी, भूक इथे. त्याला खिचडी वाढली तर ती दुसऱ्या लेकराच्या आठ रुपयांतली, म्हणजे नियमाने अपहार.

“मंग त्याले काय नुसतं पाहत बसवू, जी?”

यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती. त्यांच्याकडे उत्तर होतं: खिचडीत तांब्याभर पाणी. पाण्याला बजेटचं हेड लागत नाही, व्हाउचर लागत नाही, ऑडिट आक्षेप घेत नाही.

अपहार म्हटलं की इतिहास आठवतो. या आहारात ठेकेदार नकोत, बचत गटांना आणि महिला मंडळांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच बजावलं होतं. पुढे आपल्या राज्याने पाकिटांच्या निविदा काढल्या, सुमारे 6300 कोटींच्या. 2019 साली त्याच न्यायालयाने त्या रद्द केल्या. अटीच अशा घातल्या होत्या की खरे बचत गट दाराबाहेर राहावेत. म्हणजे आवळणं तिथेही होतं, फक्त पट्टीऐवजी अटी आवळल्या होत्या. 6300 कोटींना आठाने भागून पाहिलं: 787 कोटी 50 लाख जेवणं. हा आकडा फळ्यावर मावेना, म्हणून पुसून टाकला.

एका ताईंनी अंड्याचं विचारलं. शेजारच्या अमरावतीत, मेळघाटातल्या लेकरांना अमृत आहार योजनेतून अंडी मिळतात. ती योजना आदिवासी भागासाठी, आणि आमचा जिल्हा त्या यादीत नाही. आम्ही नुसते आकांक्षित. शाळेतल्या मोठ्या भावंडांच्या ताटात अंडं आलं होतं, पण 2025 च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि लोकसहभागातून सोय बघा म्हणून सांगितलं. लोकसहभाग म्हणजे बाईंची पर्स.

सरकारला भाव ठरवता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. 2024 साली लाडकी बहीण योजनेचा एक फॉर्म भरून देण्याचे अंगणवाडीताईंना पन्नास रुपये जाहीर झाले होते. एका फॉर्मात एक लेकरू सहा दिवस जेवतं.

दुपारी समारोप झाला. प्रशिक्षण मनातलं असलं तरी हार, बॅनर आणि चहाबिस्किटांचा खर्च माणशी साठ रुपयांवर गेला होता. बिस्किटाचे दोन पुडे उरले. मागच्या रांगेतल्या ताईंनी ते पदरात बांधले आणि दारात थांबून विचारलं, “हे कोन्या हेडात टाकू, जी?”