गर्दी मोजू नका, गिऱ्हाईक लिहून ठेवा

उज्जैनच्या छोट्या दुकानदाराला आज माणसांचा तोटा नाही. 11 ऑक्टोबर 2022 रोजी महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाला आणि देवळाभोवतीचे रस्ते बारमाही भरून वाहू लागले. 2028 मध्ये सिंहस्थ कुंभमेळा येतोय. पण या दुकानदाराला विचारा, काल आलेल्यांपैकी एकाचं तरी नाव आठवतं का? एक गेला की दुसरा उभाच असतो, मग नाव विचारतो कोण! छोट्या धंद्याचं नुकसान इथेच होतं.

उज्जैनच्याच शिप्रेकाठच्या भेरूगढचं बाटिक घ्या. इथले छिपा कारागीर वितळलेलं मेण कापडावर लावतात आणि कापड गार रंगात बुडवतात, कारण गरम पाण्यात मेणच सुटेल. मेणाला तडे जातात, तड्यांत रंग शिरतो आणि बारीक रेघांची जाळी उमटते. दोन साड्यांची जाळी कधी सारखी येत नाही. 2023 मध्ये या बाटिकला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि विकताना काय होतं? गिऱ्हाईक म्हणून आलेल्या ताईंनी ‘कितीला?’ विचारलं की भाव सांगायचा आणि त्याच दमात म्हणायचं, ‘तुमच्यासाठी कमी करतो.’ अजून कुणी घासाघीस केलेलीच नाही! कारागिराचे कित्येक दिवसांचे श्रम विक्रेत्याने एका वाक्यात स्वस्त केले. त्याचाच मालावर भरवसा नसेल, तर ताईंनी का ठेवावा?

विकण्याचा आत्मविश्वास मोठ्या आवाजातून येत नाही. तो मालाच्या माहितीतून येतो. साडी उलटी करून दाखवा, मेणाच्या कामात रंग मागच्या बाजूलाही भरलेला असतो. शेजारी छापील नक्कल ठेवा, तिच्यावर तीच जाळी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. पहिली धुलाई वेगळी आणि गार पाण्यात करा, हे पैसे घेण्याआधी सांगा. मग भाव सांगा आणि गप्प राहा. गिऱ्हाइकाला विचार करू द्या. तो न घेता गेला, तरी तुमचा माल त्याला कळलेला असतो.

नातं कसं जपावं, हे शिकायला भेरूगढहून लांब जायला नको. जवळच सिद्धवट हे तीर्थ आहे. तिथले तीर्थपुरोहित यजमानांच्या वह्या सांभाळतात. गाव आणि आडनाव सांगितलं की पानं उलटतात आणि आजोबा-पणजोबांची नावं निघतात. आलेल्याने घरातल्या नव्या पिढीची नावं सांगायची, ती लगेच लिहिली जातात. पुढच्या पिढीचा माणूस येतो, तेव्हा त्याची ओळख आधीच तयार असते. परक्या शहरात आपल्या घराची नोंद आहे, हे पाहून माणूस कायमचा जोडला जातो.

दुकानदारानेही असंच करावं. नाव, गाव, काय घेतलं, कुणासाठी घेतलं, एवढं लिहावं. फोन नंबर विचारून, परवानगीने घ्यावा. मग रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवून गिऱ्हाइकाचा जीव खाऊ नये. लग्नसराईआधी नव्या मालाचे चार फोटो पुरतात. आणि रंग गेल्याची तक्रार आली, तर फोन उचलावा, ऐकून घ्यावं, चूक आपली असेल तर साडी बदलून द्यावी. विकताना सगळेच गोड बोलतात. तक्रारीला उभा राहतो, त्याचंच नाव गिऱ्हाईक चार जणांना सांगतं.

सिंहस्थ ओसरेल, रस्ता मोकळा होईल. तेव्हा गल्ला भरेल तो लक्षात ठेवलेल्या माणसांमुळे. दुकानदार भावांनो, 2028 ची वाट पाहू नका. वही आजच आणा आणि पहिलं नाव आजच्या बोहनीचं लिहा.