छप्परकाका

पेण-रोह्याच्या पट्ट्यात कुणी घर बांधायला काढलं की भटजींना बोलवावं लागतं. छप्परकाका आपणहून येतात. त्यांचं नाव सांगत नाही, कारण प्रत्येक आळीत ते वेगळं असतं. ओळखायची खूण मात्र एकच : आपण समोर उभे असलो, तरी त्यांची नजर आपल्या डोक्यावर दहा फूट.

दिवा-रोहा गाडीत ते खिडकी सोडत नाहीत. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं मागे पडतात आणि काकांचा जप चालू असतो : ‘कौल, कौल, पत्रा, स्लॅब, स्लॅबवर पत्रा... अरेरे!’ पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पोहे यायच्या आत त्यांनी वाशांना लागलेली वाळवी शोधून काढली. मुलगी कशी होती, हे पुतण्यालाच विचारावं लागलं.

मंगलोरी कौल हा त्यांचा हळवा विषय. ‘1865 साली बासेल मिशनवाल्यांनी मंगळुरात कारखाना काढला,’ हे ते अशा थाटात सांगतात, की उद्‌घाटनाचा नारळ यांनीच फोडला असावा. ‘कौलात कौल अडकतं, फटीतून हवा खेळते, फुटलं तर तेवढं एकच बदल.’ मग आवाज खाली येतो. ‘पण उतार चांगला उभा हवा. छप्पर पसरट केलंस तर वाऱ्याबरोबर पाणी उलटं चढून आत येतं. आणि मे महिन्यात कौलं परतायला गडी हवा. गडी गेले धाटावच्या कंपन्यांत, माकडं मात्र गावातच राहिली!’

पत्र्याला ते नावं ठेवत नाहीत. तो बसवणाऱ्याला ठेवतात. ‘भोक पन्हळीच्या माथ्यावर पाड, खोलात नको. पाणी खोलातून वाहतं, माथ्यावरून नाही!’ सिमेंटचा जुना पत्रा कुणी करवतीने कापायला घेतला, की काका रुमाल नाकाला लावून ओरडतात, ‘अरे, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे, धूळ छातीत जाते!’ हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात पत्रे पतंगासारखे उडाले, कौलं विखुरली. दुसऱ्या दिवशी काका घरोघर हिंडले. लोकांना वाटलं, धीर द्यायला आले. ते उखडलेले हुक तपासत होते.

एवढं सगळं ऐकून, काकांना दोनदा चहा पाजून, घरमालक शेवटी स्लॅबच घालतो. वर मजला चढवता येतो, वादळात उडत नाही आणि पाहुण्यांना दिसतो. काका हताश होऊन हिशेब मांडतात : ‘5 इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला 300 किलोच्या वर वजन. दिवसभर तापतो, रात्री ती धग तुझ्या अंगावर सोडतो. आणि इथे वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस! निदान कोब्याला मीटरमागे सेंटिमीटरभर ढाळ तरी दे.’ ढाळ दिला जातो, पण नेमका पाइपाच्या उलट दिशेला.

मग काही पावसाळ्यांनी स्लॅब ठिबकायला लागतो आणि त्यावर लोखंडी कैच्यांची, रंगीत पत्र्याची शेड चढते. तिच्याखाली पापड वाळतात, पाहुणे झोपतात. पेणमध्ये गणपतीचा कारखानाही निघू शकतो. काका खालून बघत म्हणतात, ‘आधी पैसे मोजून छप्पर सपाट करायचं, मग पुन्हा पैसे मोजून त्यावर उतार आणायचा!’

स्वतः काका चार मजली इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहतात. डोक्यावर छप्पर नाही, तीन बिऱ्हाडं आहेत. गळतं ते वरच्यांच्या मोरीचं, आणि त्यावर काकांकडे इलाज नाही. त्यामुळे कौल, पत्रा, स्लॅब या तिघांच्या भांडणात इतका निःपक्ष माणूस दुसरा मिळायचा नाही.

तेव्हा या भागात घर बांधणार असाल, तर काकांचं ऐकून घ्या : ज्या छपरावर पाणी थांबतं, ते आज ना उद्या गळतं. आणि त्यांना बोलवायचं तर मे महिन्यातच बोलवा. जूनमध्ये ते गल्लोगल्ली ‘मी सांगत नव्हतो?’ म्हणत फिरत असतात.