टर्बोपंत

टर्बोपंतांची ऑक्टाव्हिया शोरूममधून निघाली तेव्हा 180 हॉर्सपॉवरची होती. एवढ्या घोड्यांवर पुण्यात कुठल्याही सद्गृहस्थाचं सुखाने भागतं. कोथरूडहून हिंजवडीला निघालं की त्यातले दीडशे घोडे सिग्नलला नुसते उभेच असतात. पण ‘गाडी खेचतच नाही रे’ ही पंतांची तक्रार दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या आधीच सुरू झाली. मग स्टेज वन झाला, म्हणजे कोणीतरी लॅपटॉप लावून इंजिनच्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीयूची, पूर्वीची शिकवण पुसून टाकली. मग स्टेज टू झाला, म्हणजे डाऊनपाइप बदलला, आणि पंत ऑफिसातून आले की ए विंगपासून डी विंगपर्यंत सगळ्यांना कळायला लागलं. मूळचा डाऊनपाइप माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी ठेवलाय. हल्ली पंत मोठा टर्बो निवडताहेत. ‘घेताहेत’ असं मी म्हटलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

पंत लिफ्टमध्ये भेटले तर चौथ्या मजल्यापर्यंत टर्बो समजावून देतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया का घालवायचा? त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं, हे सांगताना पंतांचा आवाज असा होतो की ब्यूखी त्यांच्या आजोळकडचा वाटावा.

अडचण इथून पुढे आहे. गाडीतला आयएस12 टर्बो लहान. तो लवकर फिरायला लागतो, पण वरच्या आरपीएमला त्याला धाप लागते. आयएस38 मोठा, फोक्सवॅगन गोल्फ आरमधला. तो वर गेला की आवरत नाही, पण तीन हजार आरपीएमच्या आसपास जाईपर्यंत त्याचा पत्ता नसतो. पंतांच्या रोजच्या रस्त्यावर दोन स्पीडब्रेकरच्या मध्ये गाडी दोन हजारांच्या वर जात नाही, म्हणजे हा टर्बो कामाला लागायच्या आत ऑफिस येणार. मधला आयएस20, ऑक्टाव्हियाच्याच व्हीआरएसमधला, खरं तर सगळ्यात शहाणा पर्याय, आणि पंतांचा नेमका त्यालाच विरोध. “उद्या कोणी विचारलं कुठला टर्बो, तर काय सांगू? व्हीआरएसचा?”

वहिनींनी एकदा विचारलं, “हे बसवल्यावर तुम्ही घरी लवकर याल का?” पंतांनी बराच वेळ विचार करून सांगितलं, “तसं नाही, पण येताना बरं वाटेल.”

त्यातून टर्बो हे एकट्याचं स्थळ नाही, सगळा गोतावळा घेऊन येतं. हवा वाढली की ती गार करायला मोठा इंटरकूलर हवा. पेट्रोल वाढलं की इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप हवा. आणि त्या गाडीचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स बनवलाय 250 न्यूटन मीटरच्या हिशेबाने. कंपनीने टॉर्कही बरोबर 250च ठेवलाय. कंपनीत कोणीतरी पंतांना ओळखत असणार. म्हणजे टर्बो घेतला की क्लच आलाच. वर पेट्रोलही साधं चालत नाही, नाहीतर इंजिन नॉक होतं. शंभर ऑक्टेनचं मोजक्या पंपांवर मिळतं आणि भाव साध्याच्या दीडपट. कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम 52 पंतांना पाठ आहे. “आरसीवर सीसी लिहिलेले असतात, टर्बो कुठे लिहिलाय?” असा त्यांचा युक्तिवाद. तो आरटीओसमोर करून पाहण्याची मात्र त्यांना घाई नाही.

मागे एका गॅरेजमध्ये वापरलेला आयएस38 आला होता, तेव्हा पंत मलाही घेऊन गेले. फडक्यातून टर्बो बाहेर काढला, आणि नाडी बघावी तसे पंतांनी मधल्या नटाला दोन बोटं लावली. वर-खाली हलवून पाहिलं, जरासा हलला. “एवढं चालतं. शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो.” मग आत-बाहेर ढकलून पाहिलं, डोळे मिटून. शेवटी पात्यांवर फुंकर मारली. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारी ती वस्तू दोन फेरे घेऊन थांबली. गॅरेजवाला भाव ऐकायला उभा होता. पंत म्हणाले, “विचार करून सांगतो.” त्या पोराने चहाचे पैसेसुद्धा मागितले नाहीत. पंतांसारखे त्याच्याकडे रोज येत असावेत.

माझं मत विचाराल तर पंत टर्बो कधीच घेणार नाहीत, आणि त्यात काहीही वाईट नाही. घेतला तर बोलणार कशावर? 1973 च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोवर पुढच्या बाजूला ‘टर्बो’ हा शब्द उलटा लिहिलेला होता, पुढच्या ड्रायव्हरने आरशात वाचून बाजूला व्हावं म्हणून. पंतांनी तसाच स्टिकर करून आणलाय. एक्स्प्रेसवेवर शंभरची मर्यादा आणि डोक्यावर कॅमेरे, त्यामुळे तो अजून डॅशबोर्डच्या खणात आहे.

घरी आल्यावर पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून पंत मिनिटभर बसून राहतात. तापलेल्या टर्बोतलं तेल करपू नये म्हणून. नवीन वॉचमनला वाटायचं, साहेबांचं घरी भांडण झालंय.

दोन-तीन वर्षांत ही गाडी विकायला निघेल. डाऊनपाइप माळ्यावरून खाली येईल, ईसीयूला जुनं सगळं आठवेल, आणि जाहिरातीत लिहिलेलं असेल : सिंगल ओनर, फुल्ली स्टॉक, फक्त फॅमिली वापर. बघायला गेलात तर खाली वाकून डाऊनपाइपच्या क्लॅम्पचे बोल्ट खरवडलेत का ते बघा. मग एक चक्कर मारून या आणि मालकाला इंजिन बंद करायला सांगा. तो मिनिटभर थांबला, तर पन्नास हजार कमी करूनच बोलणी सुरू करा.