शेपटाला माणूस हवा

इंजिन नसलेलं विमान उडवायला इंजिनवाल्या विमानापेक्षा जास्त माणसं लागतात. ग्लायडिंगच्या फोटोंवरून हे कधी कळत नाही. फोटोत निळं आकाश असतं, लांबसडक पांढरे पंख असतात आणि पारदर्शक टपाखाली एकटाच, तृप्त चेहऱ्याचा माणूस असतो. त्याला वर धाडून गवतात धापा टाकत बसलेले आठ-दहा जण चौकटीबाहेर राहतात. त्या आठ-दहा जणांत मी काही दिवस काढले आहेत, म्हणून त्यांच्या बाजूने चार शब्द.

माझा भाचा इंग्लंडच्या मध्यभागात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार एका ग्लायडिंग क्लबात घालवतो. क्लब सपाट मुलखातला. असे क्लब वर्षातून एकदा आपल्या विमानांचे पंख काढतात, सगळं लांबोळक्या पांढऱ्या ट्रेलरांत भरतात आणि एखादा डोंगर गाठतात. ही त्यांची सहल. यंदाच्या ऑगस्टमध्ये मी नेमका त्याच्याकडे होतो, आणि मामाला घरी एकटं कुठे ठेवायचं, म्हणून मलाही गाडीत घातलं.

डोंगर म्हणजे श्रॉपशरमधला लाँग मिंड. वेल्सच्या सीमेजवळ, माथ्याला सपाट आणि नावाप्रमाणे लांब. चर्च स्ट्रेटन गावातून वर चढणारा बरवेचा रस्ता एका गाडीपुरता, आणि एका बाजूला थेट दरी. समोरून दुसरी गाडी आली की दोन्ही चालक एकमेकांना इतक्या वेळा ‘आधी तुम्ही’ म्हणतात, की तेवढ्यात मेंढ्या रस्ता ओलांडून परतही येतात. माथ्याची सर्वांत उंच जागा पोल बँक, ५१६ मीटर. भाच्याने ती मोठ्या अभिमानाने दाखवली. पुण्यातली माझी बैठकीची खोली समुद्रसपाटीपासून याहून उंच आहे, हे मी पाहुणा म्हणून बोललो नाही.

पण उंचीचा इथे प्रश्नच नसतो, प्रश्न असतो पश्चिमेच्या उताराचा. अटलांटिकवरून निघालेला वारा वेल्स ओलांडून येतो, या उताराला धडकतो आणि पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. ग्लायडर बिचारं कायम खालीच येत असतं. फक्त ते ज्या हवेत खाली येतं ती हवा त्याहून जोरात वर जात असेल, तर एकूण हिशेबात ते वर जातं. पावसाळ्यात नाणेघाटाचा उलटा धबधबा पाहिलेल्या माणसाला हे समजावायला फळा-खडू लागत नाही. तिथे कड्यावरून पडणारं पाणी कोकणातून चढणारा वारा झेलतो आणि आपल्याच अंगावर परत उडवतो. कॉलेजात असताना भाचा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पालथा पडून हलक्यासलक्या वस्तू खाली टाकायचा आणि त्या वर आल्या की खिदळायचा. पुढे तो स्वतःच ती वस्तू होणार, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

लाँग मिंडवर १९३४ पासून मिडलँड ग्लायडिंग क्लब आहे, आणि आमची मंडळी त्यांची पाहुणी. पाहुणे म्हणजे काय, तर वाऱ्याची वाट बघायला आणखी माणसं.

वारा पश्चिमेचा हवा. पूर्वेचा आला तर सगळा उतार पाठीमागे पडतो आणि वर न्यायच्या ऐवजी खाली ढकलतो. वारा पुरेसा हवा, पण उगाच माजलेला नको. ढग उंच हवेत. डोंगराच्या डोक्यावर येऊन बसलेले नकोत. पाऊस नकोच. इंग्लंडमध्ये राहून हवामानापुढे इतक्या अटी ठेवायला एक प्रकारची श्रद्धाच लागते. रोज सकाळी सभा भरे. वेधशाळेचे नकाशे, उपग्रहाची चित्रं, प्रत्येकाच्या फोनवरचं वेगळं ॲप आणि प्रत्येक ॲपचं वेगळं मत. हे सगळं झाल्यावर कुणीतरी हळूच खिडकीशी जाऊन पश्चिमेकडे बघे. तिकडे स्टायपरस्टोन्सच्या कण्यावर एक दांडगा खडक आहे, ‘डेव्हिल्स चेअर’ नावाचा. खडक ढगात गेला, की सैतान खुर्चीत येऊन बसला असं इकडची जुनी माणसं मानतात. आमच्या पहिल्या काही दिवसांत सैतानाला उठायची इच्छा दिसली नाही.

धुकं असलं की गोष्टी निघत. १८६५ च्या जानेवारीत डोनाल्ड कार नावाचे पाद्रीबुवा डोंगरापलीकडच्या चर्चमधली प्रार्थना आटोपून घरी निघाले, बर्फाच्या वादळात याच माथ्यावर चुकले आणि रात्रभर घसरत, धडपडत राहिले. वाचले, आणि मग त्यावर पुस्तक लिहिलं. लेखक कुठल्याही शतकातला असो, फुकट काही जाऊ देत नाही.

एका म्हाताऱ्या सभासदाने जर्मनीतल्या वासरकुप्पं डोंगराची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर तहाच्या अटींनी जर्मनांची इंजिनवाली विमानं जखडली गेली, तेव्हा १९२० पासून तिथे बिनइंजिनाची विमानं घेऊन पोरं जमायला लागली. दोन-तीन मिनिटं हवेत राहिलं की कौतुक व्हायचं. मग १९२२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर मार्टेन्स ‘वाम्पिर’ नावाच्या ग्लायडरातून तासाभराहून जास्त उडाला, आणि त्याच महिन्यात त्याच ग्लायडरात हेन्टझेन तीन तासांवर गेला. मी विचारलं, “आणि तोवर खाली उभे असलेले काय करत होते?” म्हातारा म्हणाला, “जे आपण करतोय तेच.” आणि किटलीकडे गेला.

दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले. त्यांत वारा आहे, आकाश आहे, समुद्र आहे. ग्लायडरवाल्यांनी यातले पहिले दोन केलेत असं लांबून वाटतं. जवळून पाहिलं तर त्यांचा खरा गुरू अजगर. जागचं हलायचं नाही, जे आपणहून येईल तेवढं घ्यायचं. फरक इतकाच, की अजगर पडून राहताना पंख पुसत नाही. ही माणसं कायम पंख पुसत असतात. पंखाच्या पुढच्या कडेवर चिलटं चिकटली तरी विमानाची घसरण वाढते, म्हणून चिलटं पुसायची. पंख आणि धड जोडलं त्या फटीवर पांढरी पट्टी चिकटवायची. मग कालची पट्टी नीट बसली नाही म्हणून काढायची. आणि या सगळ्या काटेकोरपणानंतर, टपाच्या काचेवर पायलटच्या नाकासमोर काय असतं, तर बोटभर लोकरीचा धागा. विमान हवेत तिरकं चाललंय की सरळ हे त्या धाग्यावरून कळतं, आणि त्याहून चांगलं, त्याहून स्वस्त यंत्र अजून कुणाला सापडलेलं नाही.

चहाच्या वेळी ताईचा फोन येई. आमचे चार म्हणजे पुण्यात साडेआठ. तिची जेवणं आटोपलेली.

“आज उडला का तो?”

“नाही. वारा नाही.”

“देव पावला.”

डोंगरावर तीसेक माणसं वाऱ्यासाठी आसुसलेली, आणि कोथरूडात एक बाई वारा पडावा म्हणून देवापुढे दिवा लावणारी. कितीतरी दिवस दिवाच जिंकत होता.

मग एका सकाळी खुर्ची रिकामी दिसली आणि तंबूंची कापडं फडफडायला लागली. कुणी काही बोललं नाही, पण हातातले कप अर्धे भरलेले तसेच राहिले.

इथे विंच आहे. आपल्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर असते तशी, लांब तारेने ग्लायडरला ओढून उंच सोडणारी. पण पश्चिमेचा वारा चांगला असला की लाँग मिंडवर अजून रबरी दोराने विमान उडवतात, आणि तो प्रकार आता जगात फार थोड्या जागी उरला आहे. कड्याच्या तोंडाशी ग्लायडर वाऱ्याकडे नाक करून ठेवायचं. नाकाखालच्या हुकात दोराचं मधलं कडं अडकवायचं. दोराची दोन टोकं इंग्रजी व्ही अक्षरासारखी फाकवून प्रत्येकी तीन-चार जणांनी धरायची. एकाने पंखाचं टोक सावरायचं. आणि एकाने शेपूट धरून मागे बसायचं, दोर पुरता ताणला जाईपर्यंत विमान सुटू नये म्हणून. थोडक्यात, भलीमोठी बेचकी, आणि तिच्यात दगडाच्या जागी एक चांगला शिकलासवरलेला इंजिनिअर.

“वॉक!” असा पुकारा होतो. दोरवाले उताराकडे चालू लागतात. “रन!” होतं. दोरवाले धावतात. पहिली काही पावलं जोरात, मग दोर ताणतो आणि पाय जागच्या जागीच मातीत फिरायला लागतात. तेवढ्यात शेपूट सुटतं. आपल्या डोक्यावरून काहीतरी प्रचंड, पांढरं सुळकन निघून जातं, दोर एकदम लुळा पडतो, आणि धावणारे तोंडावर, हेदरच्या जांभळ्या फुलांत. त्या फुलांखाली विनबेरीची झुडपं असतात. संध्याकाळी कुणाचे गुडघे किती जांभळे, त्यावरून कुणी किती जणांना उडवलं ते कळतं.

मला वयाकडे बघून शेपूट दिलं. काम बसून करायचं असलं तरी मानाचं आहे. विमान जायला धडपडतंय आणि ते आपण अडवून धरलंय ही भावना, सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला अगदीच अनोळखी नव्हती.

भाच्याला मीच सोडला. तो कड्यावरून बाहेर गेला, क्षणभर आमच्या पातळीखाली दिसेनासा झाला, आणि पुन्हा दिसला तेव्हा आमच्याहून उंच होता. कड्याला समांतर जायचं, टोकाशी डोंगराकडे पाठ करून वळायचं, परत यायचं. समोरासमोर दोघे आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याचा मान. दुसऱ्याने बाजू द्यायची. ऊन तापून हवेचा भोवरा वर चढायला लागला, तर त्यात पहिला शिरलेला ज्या दिशेने घिरट्या घालेल त्याच दिशेने बाकीच्यांनी फिरायचं. पहिला माणूस म्हणजे कधीकधी घार असते. तिलाही हाच नियम आणि हाच मान. पोलीस नाही, सिग्नल नाही, आणि तरी सगळे नियम पाळत होते. मी पुण्याचा असल्यामुळे ते दृश्य बराच वेळ बघत राहिलो.

दुपारी मलाही दोन सीटच्या ग्लायडरात पुढे बसवून नेलं. वर गाढ शांतता असते असं सगळे सांगतात. मुळीच नसते. हवा कानाशी एकसारखी सूं करते, वर चढतोय की नाही सांगणारं यंत्र सारखं टिवटिव करतं, आणि मागून शिक्षक “धागा बघा, धागा” म्हणत राहतात. पंखाच्या टोकापलीकडे उतारावर एक मेंढी चरत होती. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. वर गेल्याचा आनंद मला झाला, नाही असं नाही. पण उतरलो तेव्हा शेपटाला दुसराच कुणी बसलेला दिसला आणि थोडं चुटपुटलं.

वारा उत्तम, ढग उंच, म्हणून भाचा संध्याकाळच्या सुमाराला डोंगर सोडून वेल्सच्या दिशेने गेला. वर चढणारी हवा तिथे सापडली नाही, की ग्लायडर जवळचं बरं शेत बघून उतरतं. यात नामुष्की काही नाही, रीतच आहे. आणि रीत अशी, की शेतातून फोन आला की ज्यांची स्वतःची विमानं उडायला सज्ज उभी आहेत, ज्यांनी इतके दिवस याच वाऱ्यासाठी चिलटं पुसली, त्यांच्यातलाच कुणीतरी न कुरकुरता ट्रेलर गाडीला जोडतो. त्या दिवशी दोघे निघाले आणि तिसरा मी. अरुंद रस्त्यावरून दहा मीटरचा ट्रेलर ओढत जाताना ताईचा फोन आला.

“इतका वेळ उचलत का नव्हतास? तो कुठाय?”

“शेतात.”

“शेतात? पडला की काय?”

“पडला नाही, ताई, उतरला. ठरवून. शेतकऱ्याच्या घरी चहा पितोय. आम्ही त्याला आणायला चाललोय.”

“आणि ते विमान?”

“पंख काढायचे, खोक्यात भरायचं आणि आणायचं.”

ताई जरा थांबली. मग म्हणाली, “मग मुळात ते खोक्यातून काढलंच कशाला?”

नशिबाने तेवढ्यात वळण आलं आणि सिग्नल गेला.